डिक टायगर: दोन वजनी गटांत जगज्जेता ठरलेल्या नायजेरियन बॉक्सरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिक टायगर कोण होता?

नायजेरियाचा व्यावसायिक बॉक्सर. मिडलवेटचे जागतिक विजेतेपद त्याने दोनदा पटकावले, 1962 आणि 1965 मध्ये. त्यानंतर 1966 मध्ये लाइट हेवीवेटचेही जिंकले. अमेरिकेच्या ‘द रिंग’ मासिकाने त्याला 1962 आणि 1965 या दोन्ही वर्षी सर्वोत्तम बॉक्सर ठरवले. 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. तोवर त्याला जाऊन वीस वर्षे होत आली होती.

त्याचे खरे नाव काय? गाव कोणते?

रिचर्ड इहेतू. जन्म 14 ऑगस्ट 1929, आग्नेय नायजेरियातल्या ओर्लू भागातील अमाइग्बो गावी. तो इग्बो समाजाचा. हा तपशील पुढे नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धात फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून आत्ताच लक्षात ठेवावा. ‘टायगर’ हे नाव आबा शहरात त्याचा त्वेष पाहून तिथल्या इंग्रजांनी दिले असे सांगतात, आणि रिचर्डचा ‘डिक’ तर ठरलेलाच.

नायजेरियाचा पहिला जगज्जेता बॉक्सर तोच ना?

नाही. हा मान होगन ‘किड’ बॅसीचा. कलाबारजवळच्या क्रीक टाउनमध्ये 1932 साली जन्मलेला ओकोन असुको बॅसी टायगरच्या आधीच ब्रिटनमध्ये पोहोचला होता. नोव्हेंबर 1955 मध्ये बेलफास्टला बिली ‘स्पायडर’ केलीला नॉकआउट करून तो फेदरवेट गटात ब्रिटिश साम्राज्याचा विजेता झाला. सँडी सॅडलर डोळ्याच्या दुखापतीमुळे 1957 च्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि जागतिक विजेतेपद रिकामे पडले. त्यासाठी झालेल्या निवड लढतींत बॅसीने आधी वॉशिंग्टनमध्ये मिगेल बेरिओसला हरवले आणि 24 जून 1957 रोजी पॅरिसमध्ये शेरीफ हामियाला दहाव्या फेरीत थांबवले, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होण्याआधीच लढत संपवली. त्याच लढतीत दुसऱ्या फेरीत तो स्वतः खाली पडला होता, हे विसरू नये. पुढच्या वर्षी त्याने लॉस एंजेलिसमध्ये रिकार्डो मोरेनोला तिसऱ्या फेरीत गारद करून विजेतेपद राखले आणि बॉस्टनमध्ये माजी जगज्जेत्या विली पेपलाही थांबवले. मार्च 1959 मध्ये डेव्ही मूरने त्याचे विजेतेपद हिसकावले.

निवृत्तीनंतर बॅसीने नायजेरियाच्या हौशी बॉक्सरांना घडवले. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये नोजीम मायेगुनने लाइट मिडलवेट गटात कांस्य मिळवले. नायजेरियाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक.

संपूर्ण आफ्रिकेचा विचार केला तर दोघांच्याही आधी सेनेगलचा बॅटलिंग सिकी येतो. तो 1922 मध्ये लाइट हेवीवेट जगज्जेता झाला होता.

आबा शहरात बॉक्सिंगची सुरुवात कशी झाली?

टायगर बाजारात जुन्या बाटल्यांसारख्या वस्तूंचा किरकोळ व्यापार करायचा. तिथल्या क्लबात ब्रिटिश लष्करातले लोक बॉक्सिंग शिकवत, तिथेच त्याचा हात तयार झाला. 1952 मध्ये तो व्यावसायिक झाला. त्या काळच्या नायजेरियन लढतींच्या याद्यांत प्रतिस्पर्ध्यांची ‘मायटी जो’, ‘ईझी डायनामाइट’ अशी नावे दिसतात. कोणी ती बनावट समजू नये, रिंगसाठी घेतलेली ही टोपणनावे तेव्हा सर्रास वापरात होती. देशातला त्याचा मोठा अडसर टॉमी वेस्ट हा होता, त्याच्याकडून तो हरलाही. आबा किंवा लागोसमध्ये लढून पोट भरेल इतके पैसे मात्र मिळत नव्हते.

तो लिव्हरपूललाच का गेला?

लागोसहून निघणारी एल्डर डेम्पस्टर कंपनीची जहाजे लिव्हरपूलला लागत. तिथे पश्चिम आफ्रिकी लोकांची जुनी वस्ती होती, बॉक्सिंगसाठीच बांधलेले स्टेडियम होते आणि बॅसीही तिथेच होता. टायगर 1955 च्या अखेरीस तिथे उतरला.

त्या वेळचा एक नियमही माहीत हवा. ब्रिटनचे राष्ट्रीय विजेतेपद 1948 पर्यंत गोऱ्या आईबापांच्या मुलांनाच खुले होते. ती बंदी उठली तरी वसाहतींतून आलेल्यांना दीर्घ वास्तव्याची अट होतीच. जमैकात जन्मलेला बनी स्टर्लिंग हे विजेतेपद थेट 1970 मध्ये जिंकू शकला. नायजेरियन बॉक्सरला खुली असलेली पायरी म्हणजे साम्राज्याचे, म्हणजे आजच्या भाषेत राष्ट्रकुलाचे विजेतेपद. बॅसी आणि टायगर दोघेही त्याच पायरीवरून वर चढले.

ब्रिटनमधल्या पहिल्या चारही लढती तो हरला, हे खरे का?

खरे आहे. डिसेंबर 1955 मध्ये लिव्हरपूलला ॲलन डीनविरुद्ध तो गुणांवर हरला, आणि पुढच्या तीन लढतींतही तेच झाले. एकाही लढतीत त्याला कोणी थांबवले नाही, चारही पराभव गुणांवरचे. कारणे सरळ आहेत. ऐन हिवाळ्यात उष्ण प्रदेशातून आलेला माणूस, पोटासाठी रंगाच्या कारखान्यात नोकरी, आणि उरलेल्या वेळात सराव. शिवाय ब्रिटनमध्ये निकाल बहुधा एकटा पंच द्यायचा. हात लांब ठेवून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत फिरणाऱ्या बॉक्सरला तिथे गुण मिळत. वाकून जवळ शिरणाऱ्याला आपली मेहनत पंचाच्या नजरेत भरवावी लागे आणि त्याला वेळ लागला.

चित्र बदलले मे 1957 मध्ये. लंडनच्या शोरडिच टाउन हॉलमध्ये त्याने टेरी डाउन्सला जखमी करून लढत मुदतीआधीच संपवली. डाउन्स तेव्हा व्यावसायिक म्हणून अगदी नवा होता आणि लंडनकरांचा लाडका. पुढे 1961 मध्ये तो स्वतः मिडलवेट जगज्जेता झाला, म्हणून त्या विजयाचे मोल नंतर जास्तच कळले. 27 मार्च 1958 रोजी लिव्हरपूलमध्ये पॅट मॅकअटीरला नवव्या फेरीत नॉकआउट करून टायगर साम्राज्याचा मिडलवेट विजेता झाला.

मिडलवेट आणि लाइट हेवीवेट म्हणजे नेमके किती वजन?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजनाची मर्यादा पौंडांत ठरते. फेदरवेटची मर्यादा 126 पौंड, म्हणजे 57.15 किलो. मिडलवेटची 160 पौंड, म्हणजे 72.57 किलो. लाइट हेवीवेटची 175 पौंड, म्हणजे 79.38 किलो.

आपल्याकडे इथे हमखास गल्लत होते, कारण ऑलिंपिकचे गट वेगळे असतात. विजेंदर सिंगने 2008 मध्ये बीजिंगला ज्या मिडलवेट गटात कांस्य मिळवले त्याची मर्यादा 75 किलो होती. टायगरच्या मिडलवेटपेक्षा ती जवळपास अडीच किलोंनी जास्त.

आणखी दोन फरक. त्या काळी वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होत असे. आज ते आदल्या दिवशी होते, त्यामुळे बॉक्सर शरीरातले पाणी कमी करून वजनकाट्यावर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी कित्येक किलो जास्त वजनाने रिंगमध्ये उतरतो. टायगरच्या काळात ही सोय नव्हती, काट्यावर जे वजन दिसले साधारण तेच घेऊन तो लढला. दुसरे असे की 160 आणि 175 पौंडांच्या मध्ये तेव्हा कोणताच गट नव्हता. 168 पौंडांचा सुपर मिडलवेट 1984 मध्ये आला. लाइट हेवीवेट जिंकताना टायगर सुमारे 167 पौंडांचा, म्हणजे 76 किलोंच्या आतला होता. आज असता तर तो त्या मधल्या गटात बसला असता. वरच्या गटातले त्याचे यश जोखताना हे आठ पौंड विसरू नयेत.

अमेरिकेत गेल्यावर जागतिक लढत मिळायला तीन वर्षे का लागली?

1959 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. जर्सी जोन्स हा त्याचा व्यवस्थापक आणि जिमी ऑगस्ट प्रशिक्षक. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली पहिली लढत रोरी कॅल्हूनविरुद्ध बरोबरीत सुटली. 1960 मध्ये कॅनडातल्या एडमंटनला विल्फ ग्रीव्हजने त्याचे साम्राज्य विजेतेपद घेतले, ते त्याने त्याच वर्षी तिथेच जाऊन परत मिळवले.

त्या काळी जगज्जेत्याला सक्तीने लढायला लावणारी यंत्रणा ढिली होती. टायगर पक्का, न दमणारा, आणि तिकिटे विकायला कठीण असा परदेशी. अशाला कोणी आपणहून बोलावत नाही. त्यामुळे एकेका दावेदाराला बाजूला सारत जाणे एवढाच मार्ग होता. स्पायडर वेबला त्याने थांबवले. जानेवारी 1962 मध्ये मायामी बीचला फ्लोरेंटिनो फर्नांडेझ फुटलेल्या नाकाने पुढे लढू शकला नाही. त्यानंतर कोणाला टाळता येईना.

1962 मध्ये तो निर्विवाद जगज्जेता झाला का?

23 ऑक्टोबर 1962 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्याने जीन फुलमरला 15 फेऱ्यांत एकमताने हरवले. फुलमरकडे होते ते डब्ल्यूबीएचे, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचे विजेतेपद (नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनने त्याच वर्षी हे नवे नाव घेतले होते). न्यूयॉर्क आणि युरोप मात्र पॉल पेंडरला जगज्जेता मानत होते. पेंडर मे 1963 मध्ये निवृत्त झाला, तेव्हा तो वाद मिटला. म्हणून 1962 साठी ‘डब्ल्यूबीए विजेता’ आणि 1963 च्या उन्हाळ्यापासून ‘निर्विवाद विजेता’ असे लिहिणे बरोबर.

फुलमर हा अमेरिकेतल्या यूटा राज्याचा, डोके पुढे घालून अंगावर येणारा, ताकदीचा बॉक्सर. दिग्गज शुगर रे रॉबिन्सनलाही त्याने हरवले होते. त्याला मागे ढकलणारे फार थोडे. टायगरने त्याला मागे ढकलले, आणि दोन्ही डोळ्यांभोवतीच्या जखमांमुळे फुलमरला उत्तरार्धात नीट दिसत नव्हते. फेब्रुवारी 1963 मध्ये लास वेगासला परतीची लढत बरोबरीत सुटली, त्यामुळे विजेतेपद टायगरकडेच राहिले.

इबादानच्या लढतीचे एवढे महत्त्व काय?

10 ऑगस्ट 1963, इबादानचे लिबर्टी स्टेडियम. आज त्या स्टेडियमला ओबाफेमी अवोलोवो यांचे नाव आहे. नायजेरिया स्वतंत्र होऊन तीन वर्षेही झाली नव्हती आणि अमेरिकेचा माजी जगज्जेता तिथे येऊन नायजेरियन विजेत्याला आव्हान देत होता. सातव्या फेरीनंतर फुलमरच्या कॉर्नरने, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातल्या त्याच्या साथीदारांनी, त्याला आठव्या फेरीसाठी उठू दिले नाही. फुलमरची ती शेवटची लढत ठरली.

या लढतीला ‘आफ्रिकेतली पहिली जागतिक विजेतेपदाची लढत’ म्हणतात, ते चूक आहे. 1950 मध्येच व्हिक टोविलने जोहान्सबर्गला मॅन्युएल ओर्टिझला हरवून बँटमवेटचे जागतिक विजेतेपद जिंकले होते. पण ते वर्णभेदाच्या राजवटीतले दक्षिण आफ्रिका, आणि टोविल गोरा. स्वतंत्र कृष्णवर्णीय आफ्रिकी देशात, त्याच देशाच्या विजेत्याने राखलेले पहिले विजेतेपद हे इबादानचे. आमच्या मते ही नेमकी मांडणी जास्त मोठी आहे. ती करताना जोहान्सबर्ग लपवायची गरज पडत नाही.

त्याच्या डाव्या हुकमध्ये असे काय होते?

टायगर उजव्या हाताचा, म्हणजे डावा पाय आणि डावा हात पुढे. उंची सुमारे 173 सेंटीमीटर. मिडलवेटमध्येही ती कमीच, म्हणून हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, लागायच्या अंतरात शिरणे हाच त्याचा निम्मा खेळ होता.

जुन्या चित्रफितींत त्याची पद्धत स्पष्ट दिसते. दोन्ही हातमोजे गालांना लागून, हनुवटी खाली, खांदे किंचित पुढे. छोटी छोटी पावले टाकत तो सरळ रेषेत येतो, उड्या मारत नाही. जॅब हातमोज्यावर किंवा कपाळावर घेतो आणि समोरचा हात मागे जात असतानाच अर्धे पाऊल आत शिरतो. मग बहुधा उजवा ठोसा बरगड्यांवर जातो. तो लागला तर उत्तमच, पण त्याचे खरे काम कंबर उजवीकडून डावीकडे वळवून घेण्याचे. वजन डाव्या पायावर आले की हुकसाठी स्प्रिंग भरलेली असते. मग डाव्या पायाच्या चवड्यावर टाच बाहेर फिरते, कंबर फिरते, आणि कोपर साधारण काटकोनात ठेवून मूठ आडवी जाते. कोपर मुठीच्याच उंचीला असते. हात एकटा कधी जात नाही, अख्खे धड जाते. एकदा पोटावर, लगेच त्याच हाताने जबड्यावर, ही त्याची आवडती जोडी. त्या सगळ्या वेळात उजवी मूठ गालावरून हलत नाही.

नक्कल करणाऱ्यांचे नेमके कुठे चुकते तेही पाहावे. मारण्याआधी हात मागे खेचला की समोरच्याला सूचना मिळते. कोपर खाली पडले की हुकचा चापट होतो आणि अंगठा दुखावतो. वजन पुढच्या पायाच्याही पलीकडे गेले तर तोल जातो आणि खालून येणारा अपरकट सरळ हनुवटीवर बसतो. उजवा हात कानापासून सुटला की समोरच्याचा डावा हुक आधी पोहोचतो. यातली शेवटची चूक टायगर क्वचितच करायचा. म्हणूनच एवढ्या लढती लढूनही संपूर्ण कारकिर्दीत त्याला दहापर्यंत मोजून बाद करणारा एकच निघाला.

उणीवही सांगायला हवी. पाय वेगवान नव्हते. बाजूला सरकत, जॅब मारत, मिठी मारून वेळ काढणारा बॉक्सर त्याला त्रास द्यायचा. जोई जिआर्डेलो आणि 1964 मध्ये जोई आर्चर यांनी तेच केले. उलट समोर उभा राहून मारामारी करणाऱ्याची तो गय करत नसे. मे 1965 मध्ये रुबिन ‘हरिकेन’ कार्टरला त्याने तीनदा खाली पाडले.

जिआर्डेलोकडून हरल्यावर परतीची लढत दोन वर्षे का मिळाली नाही?

7 डिसेंबर 1963 रोजी अटलांटिक सिटीत जिआर्डेलोने त्याला 15 फेऱ्यांत गुणांवर हरवले. नवा विजेता परतीची लढत पुढे ढकलत राहिला आणि ते टायगरला सोसावे लागले. मधल्या काळात तो लढत राहिला, कार्टरला हरवल्यावर मात्र पुढे ढकलायला जागा उरली नाही. 21 ऑक्टोबर 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये एकमताच्या निर्णयाने विजेतेपद परत आले. तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

एमिल ग्रिफिथविरुद्ध तो खरेच हरला होता का?

नोंदीत हरला. 25 एप्रिल 1966, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वेल्टरवेटचा विजेता ग्रिफिथ वरच्या गटात आला होता. नवव्या फेरीत टायगर खाली पडला, कारकिर्दीत पहिल्यांदाच. रिंगजवळ बसलेल्या अनेक वार्ताहरांना टायगर जिंकला असे वाटले होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा फेरीनिहाय मोजणी चालायची. ज्याने जास्त फेऱ्या जिंकल्या तो विजेता, फेरी किती फरकाने जिंकली याला दुय्यम स्थान. अटीतटीच्या फेऱ्या जास्त असल्या की या पद्धतीत निकाल कुठेही झुकू शकतो. वाद त्यामुळेच टिकून आहे.

मग 37 व्या वर्षी वरच्या गटात जाण्याचे धाडस कशाला?

मिडलवेटमध्ये पुन्हा रांगेत उभे राहायला वेळ नव्हता. लाइट हेवीवेटचा विजेता होसे टोरेस हा प्वेर्तो रिकोचा, 1956 च्या ऑलिंपिकमधला रौप्यपदकविजेता, प्रशिक्षक कस डामाटोच्या तालमीतला. 16 डिसेंबर 1966 रोजी टायगरने त्याला 15 फेऱ्यांत एकमताने हरवले. वजनात आठ पौंड कमी, उंचीतही कमी. मिडलवेटचा माजी विजेता लाइट हेवीवेटचाही विजेता होण्याची ही 1903 मधल्या बॉब फिट्झसिमन्सनंतरची पहिलीच वेळ. शुगर रे रॉबिन्सनला हे 1952 मध्ये जमले नव्हते.

16 मे 1967 च्या परतीच्या लढतीत निर्णय टायगरच्या बाजूने, पण दोन विरुद्ध एक मतांनी लागला. टोरेसच्या समर्थकांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बाटल्या फेकल्या आणि दंगल झाली. नोव्हेंबरमध्ये लास वेगासला रॉजर राऊसला त्याने बाराव्या फेरीत थांबवले.

बियाफ्राशी त्याचा संबंध काय?

1966 मध्ये उत्तर नायजेरियात इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या आणि लाखो माणसे पूर्वेकडे परतली. 30 मे 1967 रोजी कर्नल ओजुक्वू यांनी पूर्व भाग स्वतंत्र बियाफ्रा म्हणून जाहीर केला. टोरेसविरुद्धच्या दुसऱ्या लढतीला तेव्हा दोन आठवडे झाले होते. जुलैत युद्ध पेटले, ते जानेवारी 1970 पर्यंत चालले. नाकेबंदीमुळे बियाफ्रात उपासमार झाली, आणि कुपोषित मुलांची छायाचित्रे जगभर पोहोचली.

टायगरने बियाफ्राची बाजू उघडपणे घेतली. त्याला बियाफ्राच्या सैन्यात अधिकारीपद मिळाले. सैनिकांची शारीरिक तयारी आणि मनोबल हे त्याचे काम. लढतींसाठी तो अमेरिकेत यायचा, मुलाखतींत बियाफ्राबद्दल बोलायचा आणि आपली ओळख बियाफ्राचा बॉक्सर अशी सांगायचा. लागोस सरकारच्या, म्हणजे नायजेरियाच्या केंद्र सरकारच्या दृष्टीने इबादानचा नायक आता फुटीर झाला होता.

ब्रिटन लागोसला शस्त्रे पुरवत होते. त्याच्या निषेधार्थ टायगरने 1969 च्या अखेरीस आपला एमबीई हा ब्रिटिश किताब वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश दूतावासाकडे परत पाठवला. थोडेच आधी, 25 नोव्हेंबर रोजी, ‘बीटल्स’चा गायक जॉन लेननने आपला एमबीई परत केला होता आणि त्याच्या कारणांतही बियाफ्रा होते. लेननची बातमी सगळ्यांना आठवते, टायगरची फार थोड्यांना. टायगरच्या माथी मात्र याची खरी किंमत पडणार होती, कारण त्याचे घरदार युद्धभूमीत होते.

या सगळ्यात त्याच्या कमाईचे काय झाले?

तो काटकसरी होता. मिळालेले पैसे त्याने नायजेरियात घरे आणि मालमत्तेत गुंतवले होते. मे 1968 मध्ये पोर्ट हारकोर्ट लागोस सरकारच्या सैन्याने घेतले, सप्टेंबरमध्ये आबाही गेले. युद्धानंतर पोर्ट हारकोर्टमधली इग्बोंची घरे ‘बेवारस मालमत्ता’ ठरवून इतरांकडे गेली. बियाफ्रातल्या बँक खातेदारांना, खात्यात कितीही रक्कम असो, वीस पौंड देण्याचे धोरण आले. टायगरची बहुतेक पुंजी अशीच हातची गेली. ‘जगज्जेता असून गरीब का राहिला’ असे विचारणाऱ्यांना उधळपट्टीचे उत्तर अपेक्षित असते. इथे ते लागू पडत नाही.

बॉब फॉस्टरसमोर तो चौथ्या फेरीतच कसा संपला?

24 मे 1968, पुन्हा गार्डन. फॉस्टरची उंची सुमारे 190 सेंटीमीटर आणि हातांचा पल्ला टायगरपेक्षा वीसेक सेंटीमीटर जास्त. टायगरचा हुक लागायला जे अंतर हवे तिथे पोहोचण्याआधीच फॉस्टरचा जॅब त्याला थोपवत होता. चौथ्या फेरीत फॉस्टरच्या डाव्या हुकने त्याला आडवे केले आणि पंचाने दहा मोजले. वय 38, समोर त्या गटातला बहुधा सर्वात जोरकस ठोसा असलेला माणूस, आणि त्याच आठवड्यात पोर्ट हारकोर्ट पडलेले.

त्यानंतर कारकीर्द संपली का?

अजिबात नाही. पाच महिन्यांनी फ्रँक डिपॉलाविरुद्ध तो दुसऱ्या फेरीत दोनदा पडला आणि तिसऱ्या फेरीत त्याने डिपॉलाला दोनदा पाडले. दहा फेऱ्यांनंतर जिंकला टायगर, आणि ‘द रिंग’ने ती 1968 ची सर्वोत्तम लढत ठरवली. मे 1969 मध्ये त्याने मिडलवेटचा तत्कालीन जगज्जेता नीनो बेनवेनुतीला गुणांवर हरवले. विजेतेपद पणाला नव्हते आणि बेनवेनुतीचा हात सुरुवातीलाच दुखावला होता, हे दोन्ही सांगूनच हा विजय मोजावा. जुलै 1970 मध्ये ग्रिफिथकडून झालेला पराभव ही शेवटची लढत.

त्याचा अखेरचा काळ कसा गेला?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात तो पहारेकरी म्हणून काम करत होता. 1971 मध्ये पाठदुखीच्या तपासणीत यकृताचा कर्करोग निघाला. नायजेरिया सरकारने त्याला परत येऊ दिले. 14 डिसेंबर 1971 रोजी आबा येथे त्याचे निधन झाले, वय 42.

19 पराभव असलेल्या बॉक्सरला थोर का म्हणायचे?

सर्वसाधारणपणे दिली जाणारी नोंद अशी: 60 विजय (त्यांपैकी 27 मुदतीआधी), 19 पराभव, 3 बरोबरी. सुरुवातीच्या नायजेरियन लढतींमुळे वेगवेगळ्या याद्यांत एखाद-दुसऱ्याचा फरक दिसतो. आजच्या काळात बॉक्सरला अजिंक्य ठेवण्यासाठी प्रतिस्पर्धी निवडून दिले जातात, त्यामुळे 19 हा आकडा खटकतो.

हे पराभव वाचायचे तर प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कुठे, किती वजनावर आणि कोणाविरुद्ध. काही पराभव ब्रिटनमध्ये रुळण्याआधीचे. जिआर्डेलो, ग्रिफिथ आणि फॉस्टर हे तिघेही हॉल ऑफ फेममधले. जवळपास सगळे गुणांवरचे, तेही परक्याच्या गावात. ज्यांनी हरवले त्यांतल्या कितीतरी जणांना त्याने परतीच्या लढतीत हरवले.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याने कोणती लढत आधी पाहावी?

1965 ची कार्टरविरुद्धची. दहाच फेऱ्यांची आहे आणि डावा हुक वारंवार दिसतो. पहिल्या वेळी चेहऱ्यांकडे न पाहता फक्त टायगरच्या डाव्या पायाकडे पाहावे, टाच कधी फिरते ते. मग 1966 ची टोरेसविरुद्धची, आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या जॅबखालून आत कसे शिरावे ते पाहण्यासाठी. तिसरी 1962 ची फुलमरविरुद्धची. ती संथ वाटेल, पण दोघांपैकी कोण कोणाला मागे सरकवतो एवढेच मोजत गेले तर 15 फेऱ्यांचा निकाल आपोआप कळतो. फॉस्टरची लढत सर्वांत शेवटी पाहावी. इंटरनेटवर तीच आधी सापडते आणि तेवढीच पाहून टायगरबद्दल मत बनवणारे बरेच भेटतात.